तुंबलेलं सिंक, गळणारा नळ: प्लंबरला फोन करण्याआधी घरच्या घरी काय करता येईल

सिंकमध्ये पाणी तुंबलं की पहिली धाव कोपऱ्यावरच्या दुकानात, ड्रेन क्लीनरच्या पुडीसाठी. नळाचा जोड पाझरायला लागला की त्यावर एमसीलचा लोळा थापायचा. या दोन्ही वस्तू टाकाऊ नाहीत, पण त्यांची वेळ शेवटी येते आणि आपण सुरुवातच तिथून करतो. तुंबलंय नेमकं कुठे आणि पाणी सुटतंय नेमकं कुठून, एवढं आधी शोधलं तर घरातल्या बऱ्याच तक्रारी एका वायसरवर किंवा बादलीभर गरम पाण्यावर मिटतात. ज्या मिटत नाहीत, त्या आपल्या आवाक्याबाहेरच्या आहेत हेही भिंत फोडायच्या आधी कळतं.

आधी पाणी बंद कुठून होतं ते पाहा

घरात कुठला कॉक कुठली लाइन बंद करतो, हे पाइप फुटल्यावर शोधायला गेलात तर घरभर पाणी होईल. फ्लॅटमध्ये हे कॉक बहुधा बाथरूमच्या पोटमाळ्यावर, संडासाच्या खिडकीबाहेरच्या डक्टमध्ये किंवा थेट गच्चीवर टाकीच्या पायथ्याशी असतात. गच्चीवर एकसारखे दहा-बारा कॉक ओळीने असतात आणि एकावरही नाव नसतं. एकाने घरात नळ सोडून उभं राहायचं, दुसऱ्याने गच्चीवर एकेक कॉक फिरवायचा आणि फोनवर खात्री करून घ्यायची. सापडला की ऑइलपेंटने फ्लॅटचा नंबर आणि ‘किचन’, ‘बाथ’ असं लिहून टाका. अर्थात, दुसऱ्यांचे कॉक बंद करण्यापूर्वी त्यांना सांगा, आणि उघडायला विसरू नका.

गोल चाकाचा जुना गेट व्हॉल्व्ह वर्षानुवर्षं फिरवलेला नसेल तर तो जाम असतो. त्यावर पाना लावून जोर केला तर आतला दांडा तुटतो, मग पाणी धड बंद होत नाही की चालू होत नाही. थोडं पुढे, थोडं मागे असं करत तो हळूहळू सोडवा. हँडल पाव फेरा फिरवून बंद होणारा बॉल व्हॉल्व्ह मिळत असताना पुन्हा गेट व्हॉल्व्ह बसवण्यात काही अर्थ नाही.

हत्यारं फार लागत नाहीत. दोन स्क्रू पाने (एकाने पाइप धरायचा, दुसऱ्याने नट फिरवायचा; एकाच पान्याने काम केलं की भिंतीतला जोड हलतो), स्क्रू ड्रायव्हर, टेफ्लॉन टेप, रबरी कपाचा पंप, हॅकसॉ, पॉलिश पेपर, रबरी हातमोजे, जुनी फडकी आणि एक पसरट घमेलं. अर्धा इंची वायसर आणि एक जादा कनेक्शन पाइप (बेसिनला किंवा फ्लशच्या टाकीला पाणी आणणारा लवचिक पाइप) घरात असू द्या. आणि पाण्याचं कुठलंही काम हार्डवेअरचं दुकान उघडं असताना सुरू करा, रविवारी संध्याकाळी नको. नळ उघडून बसल्यावर लक्षात येतं की वायसर अर्धा मिलिमीटर मोठा आहे.

तुंबलंय कुठे?

हे ठरवायला हत्यार लागत नाही. फक्त सिंक तुंबलं असेल आणि बाथरूमचं पाणी नीट जात असेल, तर अडथळा सिंकपासून उभ्या पाइपापर्यंतच्या तुमच्या स्वतःच्या तुकड्यात आहे. घरातली दोन-तीन ठिकाणं एकदम संथ झाली असतील तर अडथळा पुढे, जिथे त्या लाइनी एकत्र येतात तिथे आहे. आणि तुम्ही तळमजल्यावर किंवा पहिल्या मजल्यावर राहता, नळ बंद असतानाही नहाणी ट्रॅपमधून (बाथरूमच्या जाळीखालच्या, पाणी धरून ठेवणाऱ्या वाटेतून) साबणाचं पाणी वर येतं, तर ते पाणी तुमचं नाहीच. वरच्यांनी सोडलेलं पाणी खालच्या चेंबरमध्ये (सांडपाण्याच्या लाइनी मिळतात त्या जमिनीतल्या हौदात) अडून तुमच्याकडे उलटतंय. अशा वेळी घरात कितीही पंप मारा, उपयोग नाही. सोसायटीला सांगून चेंबर साफ करून घ्यावा लागतो.

चेंबरचं झाकण उघडलं तरी आत उतरू नका आणि कुणाला उतरवूही नका. तुंबलेल्या चेंबरमध्ये आणि सेप्टिक टँकमध्ये हायड्रोजन सल्फाइडसारखे वायू साचतात. प्रमाण वाढलं की नाकाला त्याचा वास येणंच बंद होतं, आणि माणूस सावध होण्याआधी कोसळतो. सुरक्षा साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये सफाईसाठी उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. वरून कामटी किंवा लांब रॉड चालवणं, नाहीतर जेटिंगची (जोरदार दाबाने पाणी मारणारी) गाडी बोलावणं, एवढाच मार्ग.

स्वयंपाकघरातलं सिंक

सिंक तुंबवणारा मुख्य गुन्हेगार तेल. कढईतलं उरलेलं तेल, तुपाचा हात, आमटीवरचा तवंग गरम असताना वाहून जातो आणि पाइपात थंड होऊन कडेला बसतो. त्यावर चहाचा चोथा, भाताची शितं, भाकरीचं पीठ आणि खोबऱ्याचा चव चिकटत जातो. दिवाळीचा फराळ झाल्यावर आणि गणपतीत मोदकांची उकड काढल्यावर सिंक हमखास कुरकुरतं ते यामुळे.

सिंकमध्ये साचलेलं पाणी आधी मगाने काढून घ्या. मग खाली वाकून पाहा. पांढऱ्या किंवा स्टीलच्या बाटलीसारखा भाग दिसला तर तो बॉटल ट्रॅप. त्याच्याखाली घमेलं ठेवा आणि तळाची वाटी हाताने डावीकडे फिरवा. पान्याने दाबलं तर प्लॅस्टिकचे आटे जातात. हात घसरत असेल तर कोरडं फडकं गुंडाळा. वाटी सुटली की काळपट पाण्याबरोबर राखाडी, साबणासारखा चिकट गोळा घमेल्यात पडेल. वास भयंकर असतो, खिडकी उघडी ठेवा. वाटी जुन्या ब्रशने धुवा, आतल्या रबरी रिंगला पीळ पडला नाही ना ते बघा, आणि परत बसवताना आटे सरळ लागलेत याची खात्री करून हाताने आवळा. सिंक अर्धं भरून सोडा आणि जोडाखाली कोरडा पेपर धरा. पेपरावर डाग पडला नाही तर काम झालं.

आपल्याकडच्या बऱ्याच जुन्या ओट्यांखाली बॉटल ट्रॅप नसतोच. सिंकच्या जाळीपासून एक वळ्यांचा लवचिक वेस्ट पाइप निघतो आणि थेट जमिनीतल्या ट्रॅपमध्ये जातो. त्याच्या प्रत्येक वळीत तेल साचतं. हा पाइप साफ करत बसू नका, स्वस्तात मिळतो, बदला. बदलताना तो गरजेपेक्षा लांब ठेवू नका. मध्येच पोट सुटल्यासारखा खाली झुकला की तिथेच गाळ बसायला सुरुवात होते. खालचं तोंड ट्रॅपच्या भोकात घट्ट बसणाऱ्या रबरी बुचातून घाला. तिथे फट राहिली की रात्री झुरळं त्याच वाटेने ओट्यावर येतात.

ट्रॅप आणि वेस्ट पाइप स्वच्छ असूनही पाणी उतरत नसेल तर अडथळा भिंतीतल्या पाइपात. आता पंप. बहुतेकांना वाटतं की जोर दाबण्यात आहे. खरं काम ओढण्यात होतं, कारण अडकलेला गोळा पुढे रेटला तर तो आणखी घट्ट बसतो, मागेपुढे हलला तर सुटतो. सिंकला वरच्या कडेजवळ ओव्हरफ्लोचं भोक असेल तर त्यात ओलं फडकं कोंबा, दोन भांड्यांचं सिंक असेल तर दुसऱ्याचं तोंड बंद करा. नाहीतर सगळा दाब तिथून निसटतो. रबरी कप बुडेल इतकं पाणी भरा, कपातली हवा जाऊ देत तो हळूच टेकवा, आणि मग पंधरा-वीस वेळा दाबा-ओढा. शेवटी झटक्यात उचला. पाणी गरगर फिरत उतरलं की समजायचं.

नाही उतरलं तर ड्रेनची स्प्रिंग, म्हणजे हँडलने फिरवायची लांब लवचिक तार. ती पाइपात सरकवत न्या, अडली की हँडल फिरवायला लागा, आणि फिरवता फिरवताच थोडी मागे ओढा. कोपऱ्यावरही ती अडते, तेव्हा जोर न करता फिरवलं की वळते. बाहेर काढताना जुन्या वर्तमानपत्रात पुसत काढा, नाहीतर सगळं स्वयंपाकघर बरबटेल.

वाट मोकळी झाल्यावर गरम पाणी. उकळतं नाही. पीव्हीसीचा पाइप ७५ ते ८० अंशांना मऊ पडायला लागतो आणि त्याचे जोड वाकतात. साधारण ६० अंशांचं, म्हणजे हात घालवणार नाही पण बुडबुडेही येत नाहीत असं बादलीभर पाणी, त्यात दोन चमचे धुण्याचा सोडा आणि थोडं भांड्यांचं लिक्विड. सिंकला बूच लावून ते पूर्ण भरा आणि मग बूच काढा. भरलेल्या सिंकचं पाणी एकदम जातं, ते मगाने ओतलेल्या पाण्यापेक्षा कितीतरी चांगलं धुऊन नेतं. महिन्यातून एकदा एवढं केलं तर स्प्रिंग वापराविना गंजून जाईल.

बाथरूमची नहाणी

इथे तेलाची जागा केस घेतात. खोबरेल तेल लावलेले केस, साबणाचा फेस आणि शाम्पूच्या पुडीचा फाडलेला कोपरा मिळून जाळीखाली लोकरीसारखी दोरी तयार होते. दिवाळीत अभ्यंगस्नानाचं तेल आणि उटणं त्यात मिसळलं की पाणी घोट्यापर्यंत चढतं. उटणं ओलं असताना पसरतं, पण तेलाबरोबर ट्रॅपच्या तळाशी बसलं की मातीसारखं घट्ट होतं.

जाळी उचला. घट्ट बसली असेल तर दोन्ही बाजूंनी स्क्रू ड्रायव्हर घालून थोडी थोडी उचला, एकाच बाजूने जोर लावला तर फरशीचा कोपरा उडतो. खाली काही ट्रॅपमध्ये उलटी वाटी असते, ती फिरवून काढा. हातमोजे घालून केस हातानेच ओढून काढणं सगळ्यात सोपं. हात पुरत नाही तिथे बाइंडिंग वायरच्या टोकाला छोटा आकडा करा आणि तो फिरवत बाहेर ओढा. ट्रॅपच्या तळाचा गाळ मगाने उपसा, दोन बादल्या पाणी एकदम ओता.

आणि ती वाटी परत बसवा. ती काढून टाकली की पाणी भराभर जातं, म्हणून बरेच लोक, कधी कधी सफाई करणारेही, ती फेकूनच देतात. ट्रॅपमध्ये जे साधारण ५० मिलिमीटर पाणी कायम उभं असतं, तेच गटाराचा वायू आणि झुरळं अडवतं. वाटी गेली की ते पाणी असून नसल्यासारखं. मे महिन्यात घर बंद करून गावाला गेल्यावर परतताना जो दर्प येतो तोही यामुळेच: ट्रॅपमधलं पाणी उन्हाळ्यात आटून गेलेलं असतं. एक-दोन मग पाणी ओतलं की वास थांबतो. निघताना ट्रॅपमध्ये चमचाभर खायचं तेल टाकलं तर वर तवंग राहतो आणि पाणी लवकर उडत नाही.

वॉशिंग मशीनचं पाणी सोडताना तेवढ्यापुरतीच नहाणी भरून येत असेल तर ती पूर्ण तुंबलेली नाही, अर्धवट भरली आहे. मशीनचा पंप पाणी जोरात फेकतो आणि अरुंद झालेली वाट तेवढं घेऊ शकत नाही. हीच वेळ साफ करायची.

कमोडबद्दल थोडक्यात. पाणी वर चढताना दिसलं तर दुसऱ्यांदा फ्लश करू नका, टाकीचा अँगल कॉक (टाकीला पाणी आणणाऱ्या पाइपावरचा छोटा कॉक) बंद करा. थोडं थांबा, पातळी उतरली की बादलीभर पाणी कमरेच्या उंचीवरून एका धारेत ओता. खाली गळ्यासारखा पदर असलेला कमोडचा वेगळा पंप मिळतो, सिंकचा तिथे नीट बसत नाही. सॅनिटरी पॅड, डायपर आणि ओले वाइप्स पाण्यात विरघळत नाहीत. पुडक्यावर काहीही छापलेलं असो, ते कमोडमध्ये टाकू नका.

पावडर, ॲसिड आणि सोडा-व्हिनेगर

इंटरनेटवर सगळीकडे खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर सांगतात. फेस जोरात येतो, समाधान वाटतं, पण दोन्ही एकमेकांना मारून उरतं ते जवळपास साधं खारट पाणी. वासावर थोडा फरक पडेल. केसांचा गोळा किंवा तेलाचा थर त्याने हलत नाही.

ड्रेन क्लीनरच्या पावडरीत मुख्यतः कॉस्टिक सोडा असतो. पाण्याला लागताच तो प्रचंड तापतो आणि तेलाचा साबण करतो. अर्धवट तुंबलेल्या पाइपात, पुडीवरच्या सूचनेप्रमाणे, हातमोजे आणि चष्मा घालून वापरायला हरकत नाही. पण सिंक काठोकाठ भरलेलं असताना टाकला तर तो अडथळ्यापर्यंत पोचतच नाही, उलट तेच उकळतं पाणी अंगावर उसळू शकतं. पावडर टाकल्यावर पंप मारायचा नाही. आणि नंतर प्लंबरला बोलावलंत तर तो ट्रॅप उघडायच्या आधी त्याला सांगा. तोंड खाली करून बॉटल ट्रॅप उघडणाऱ्या माणसाच्या डोळ्यात कॉस्टिकचं पाणी गेलं तर दृष्टी जाऊ शकते.

बाथरूम धुवायचं ॲसिड पाइपात ओतून काही साधत नाही. तेल आणि केस त्याला दाद देत नाहीत, फरशी मात्र जाते. कडप्पा आणि शहाबादी दोन्ही चुनखडीचे दगड, ॲसिड पडलं की चरचरत खाल्ले जातात. फरशांमधलं सिमेंटही सुटतं, आणि पुढे तिथूनच खालच्या मजल्यावर पाणी झिरपतं. पावडर टाकलेल्या पाइपात ॲसिड ओतणं म्हणजे स्फोटाला आमंत्रण. ॲसिड आणि ब्लीच एकत्र आलं तर क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद बाथरूममध्ये तो जीव घेऊ शकतो.

गळती: आधी पाणी ओळखा

ओल दिसली की ती कुठल्या पाण्याची हे विचारा. नळाचं पाणी दाबाखाली असतं, त्यामुळे त्या पाइपाची गळती दिवसरात्र चालू राहते. सांडपाण्याची गळती वापराबरोबर येते-जाते: भांडी घासल्यावर थेंब पडतात, दुपारी सुकतं. पालिकेचं पाणी ठरावीक वेळी येत असेल आणि ओल फक्त त्याच वेळी वाढत असेल, तर गळती टाकीत पाणी आणणाऱ्या लाइनवर आहे. भिंतीवरची ओल जून ते सप्टेंबरच दिसत असेल तर ते पावसाचं पाणी, बाहेरच्या भिंतीचं काम. एप्रिल-मेमध्येही तो डाग ओलाच राहिला तर पाइप.

खात्री करायला रात्री सगळे नळ बंद करून मीटरचा आकडा लिहा, सकाळी कुणी नळ उघडायच्या आधी पुन्हा पाहा. मीटर नसेल तर टाकीच्या आतल्या बाजूला पाण्याच्या पातळीवर खूण करा (मोटर चालू होणार नाही हे बघा). फ्लशच्या टाकीत जिलबीचा खायचा रंग चिमूटभर टाका आणि अर्धा तास फ्लश करू नका. कमोडमध्ये रंग उतरला तर टाकीतलं रबर गेलंय. ही गळती आवाज न करता चालू असते, म्हणून सगळ्यात उशिरा सापडते.

पाइप वर-खाली सगळीकडे ओला असेल तर तो कोरडा पुसा आणि टिश्यू पेपर वरून खाली एकेका जोडाला टेकवत न्या. पाणी पाइपावरून ओघळून खालच्या कोपऱ्याशी थेंब धरतं आणि आपण तोच कोपरा बदलून मोकळे होतो. पेपर जिथे पहिल्यांदा ओला होतो, ती जागा खरी.

गिझरच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून पाणी तापताना थेंब पडतात. ती गळती नाही, तापलेलं पाणी फुगतं त्याचा दाब तिथून सुटतो. तो कधीही बंद करायचा नाही. गिझरजवळ काहीही करायचं असेल तर आधी त्याचा एमसीबी खाली पाडा.

टपकणारा नळ

नळ दोन प्रकारचे. जुना, बरेच फेरे फिरवावा लागतो तो वायसरचा. पाव किंवा अर्ध्या फेऱ्यात बंद होतो तो सिरॅमिक डिस्कचा.

वायसरचा नळ: लाइन बंद करा, नळ उघडून उरलेलं पाणी जाऊ द्या, सिंकच्या जाळीवर फडकं पसरा, कारण सुटलेला स्क्रू नेमका तिथेच पडतो. मूठ काढा, खालचा षटकोनी भाग पान्याने डावीकडे फिरवून स्पिंडल (मुठीबरोबर फिरणारा दांडा) बाहेर घ्या. टोकाला काळा वायसर दिसेल, मधोमध गोल खड्डा पडलेला. तो काढून त्याच मापाचा बसवा. मग टॉर्चने नळाच्या आतलं पितळी तोंड पाहा, वायसर जिथे टेकतो ते. तिथे पांढरा क्षार साचला असेल तर व्हिनेगर किंवा लिंबूफुलाच्या पाण्यात भिजवलेल्या कापडाने पुसून काढा. बोअरचं किंवा टँकरचं पाणी असलेल्या भागात नवा वायसरही दोन-तीन महिन्यांत फाटतो, त्याचं कारण हाच खडबडीतपणा. कधी कधी पाणी तोंडातून नाही, मुठीखालून येतं. तेव्हा स्पिंडलभोवतीचा ग्लँड नट अगदी थोडा, आठवा हिस्सा फेरा, आवळून पाहा. बऱ्याचदा तेवढं पुरतं.

सिरॅमिक डिस्कच्या नळात आतला कार्ट्रिजच, म्हणजे डिस्क बसवलेला अख्खा भागच, बदलतात. तो काढून दुकानात घेऊन जा. दिसायला सारखे असले तरी वरचे दाते आणि लांबी कंपनीगणिक वेगळी असते, अंदाजाने आणलेला बसत नाही. पण बदलण्याआधी एकदा धुऊन पाहा. टाकी साफ केल्यानंतर लगेच नळ टपकायला लागला असेल तर डिस्कमध्ये वाळूचा कण अडकलेला असतो.

जोड, टेप आणि कनेक्शन पाइप

टेफ्लॉन टेप आट्यांचा जोड बंद करते, पण उलटी गुंडाळली तर नट आवळताना सुटून बाहेर येते. आटे तुमच्याकडे तोंड करून धरा आणि घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, ताण देऊन, आठ-दहा वेढे घ्या. पहिला आटा मोकळा सोडा, नाहीतर टेपचे तुकडे पाण्याबरोबर जाऊन नळाच्या जाळीत बसतात. आवळून झाल्यावर ‘सरळ दिसावा’ म्हणून नळ मागे फिरवू नका. मागे फिरवला की जोड गेला, टेप काढून पुन्हा करा.

बेसिन आणि फ्लशच्या टाकीला येणाऱ्या जाळीच्या कनेक्शन पाइपला मात्र टेप लागत नाही. तिथे पाणी अडवतो तो नटाच्या आतला रबरी वायसर. टेप लावून नट जाड केला की वायसर पूर्ण टेकत नाही आणि गळती वाढते. वायसर चपटा पडला असेल तर तो बदला, जाळीवर गंज दिसत असेल तर अख्खा पाइप. जुना कनेक्शन पाइप पाझरत नाही, एकदम फुटतो, बहुधा घरात कुणी नसताना. गावाला जाताना मेन कॉक बंद करा तो यासाठी.

दाबाचा हिशोब लक्षात ठेवा. टाकीपासून दर १० मीटर खाली गेलं की पाइपातला दाब दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलोने वाढतो. सात मजली इमारतीत वरच्या घरात टिकणारा ढिला जोड पहिल्या मजल्यावर टिकणार नाही.

सीपीव्हीसी पाइप कापून जोडणं

पिवळसर पाइप तो सीपीव्हीसी, ९३ अंशांपर्यंतच्या गरम पाण्याला चालतो. पांढरा यूपीव्हीसी फक्त थंड पाण्यासाठी, गिझरच्या लाइनला लावायचा नाही. दोघांचं जोड चिकटवायचं सोल्युशनही वेगळं, दुकानात नाव सांगून घ्या, आणि डबा उघडल्यावर आत जेली झाली असेल तर परत द्या.

लाइन बंद करून पाणी काढा. तडा गेलेला भाग दोन्हीकडे चांगला पाइप लागेपर्यंत कापा. काप सरळ हवा, तिरका झाला तर आत पोकळी राहते. कापलेल्या कडेचा कीस काढा, बाहेरून पॉलिश पेपर फिरवा, पुसून अगदी कोरडा करा. सोल्युशनशिवाय नव्या पाइपाचा तुकडा आणि तो जोडणारी दोन सॉकेट लावून पाहा, कुठवर आत जातात तिथे पेन्सिलने खूण करा. मग पाइपाला बाहेरून आणि सॉकेटला आतून पातळ, सलग थर लावा. सॉकेटमध्ये जास्त लावला तर गोळा आत सरकून वाट अडवतो. खुणेपर्यंत एका दमात आत ढकला, ढकलताना पाव फेरा फिरवा, आणि तीस सेकंद तसाच दाबून धरा. सोडलात तर पाइप स्वतःहून मागे सरकतो. पाणी सोडण्याआधी शक्य तर २४ तास थांबा. रात्री जेवणं झाल्यावर जोडायचं आणि सकाळच्या पाण्याची सोय बादल्यांत करून ठेवायची.

कॉक पूर्ण बंद होत नसेल आणि कापलेल्या टोकातून पाणी झिरपतच असेल, तर पाइपात पावाचा मऊ गर कोंबा. तो तेवढा वेळ पाणी धरतो आणि नंतर विरघळून जातो. पाणी सोडताना नळाची जाळी मात्र काढून ठेवा.

नळ किंवा अँगल कॉक लावायच्या ठिकाणी पितळी आट्यांचा एल्बो (काटकोनी जोड) घ्या. प्लॅस्टिकच्या आट्यांत पितळी नळ जोर लावून आवळला की एल्बो भिंतीच्या आत चिरतो, आणि ते टाइलवर ओल दिसेपर्यंत कळत नाही.

रात्र काढायची असेल तर

दुकानं बंद आणि पाइप चिरलेला. सायकलच्या जुन्या ट्यूबची दोन बोटं रुंद पट्टी कापा, पाइप कोरडा करा आणि पट्टी पूर्ण ताणून, प्रत्येक वेढा आधीच्या अर्ध्यावर येईल अशी, चिरेच्या दोन्ही बाजूंना चार-चार बोटं पुढे जाईपर्यंत गुंडाळा. वरून दोन होज क्लॅम्प. लाइनचा कॉक थोडाच उघडा ठेवा. हे चांगलं टिकतं, म्हणूनच धोक्याचं: महिनोन्महिने तसंच राहतं.

एमसील ओल्या, गळत्या पाइपावर धरत नाही. पाणी बंद, पाइप खरवडून कोरडा, दोन्ही भाग सारखे घेऊन रंग एकजीव होईपर्यंत मळायचे आणि रात्रभर सुकू द्यायचं. लोखंडी पाइपावर आणि सांडपाण्याच्या जोडावर ते बरं चालतं. दाबाच्या प्लॅस्टिक पाइपावर ते फक्त वेळ काढून देतं.

कुठे हात लावू नये

जुन्या चाळीतले, इमारतीतले गंजलेले जीआय (जस्त चढवलेले लोखंडी) पाइप. एक जोड सोडवायला पाना लावला की भिंतीतला दुसरा जोड फुटतो. एका ठिकाणी सुईएवढं भोक पडलं म्हणजे आतून सगळा पाइप तसाच पातळ झालाय. तिथे तात्पुरती पट्टी बांधा आणि लाइन बदलायचं अंदाजपत्रक घ्या. भिंतीतल्या पाइपाची गळतीही प्लंबरवर सोडा, पण हातपंपाने दाब देऊन लाइन तपासल्याशिवाय त्याला टाइल फोडू देऊ नका.

खालच्यांच्या छतातून पाणी टपकतंय अशी तक्रार आली तर पाइपावरच संशय घेऊ नका. बाथरूमचा एक दिवस वापर बंद ठेवा, नळाची लाइन मात्र चालू असू द्या. तरीही टपकत राहिलं तर नळाची लाइन. थांबलं तर नहाणीच्या तोंडाला बूच मारून, उंबऱ्यापेक्षा खालीच राहील असं इंचभर पाणी भरा, टाइलवर पेन्सिलने खूण करा आणि २४ तास ठेवा. त्यात खाली टपकायला लागलं तर फरशीच्या सांध्यांतून किंवा ट्रॅपच्या कडेने जातंय. सांधे खरवडून इपॉक्सी ग्राउट (सांधे भरायचा पक्का मसाला) भरण्याचं काम घरीही होतं. भरलेलं पाणी शांत उभं राहिलं आणि बूच काढल्यावरच खाली थेंब आले, तर ट्रॅपच्या पुढचा पाइप फुटलाय.

महाराष्ट्रातल्या सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे बाहेरच्या सामाईक पाइपांची आणि ड्रेनेज लाइनची गळती सोसायटीच्या खर्चाने, तर फ्लॅटच्या आतल्या संडास, सिंक वगैरेंची गळती त्या सदस्याच्या खर्चाने दुरुस्त व्हायची असते. त्यामुळे वर सांगितलेल्या चाचण्या खालच्या शेजाऱ्याला सोबत घेऊन करा, प्रत्येकीचे तारखेसह फोटो काढा, आणि अर्ज त्यासोबतच सेक्रेटरीकडे द्या.